आत्यानं मागितलेला एक रविवार

सुमनआत्या गेल्याचं मला चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून कळलं. उमरग्याजवळच्या आमच्या गावातल्या चर्चच्या सेक्रेटरींनी तिचा फोटो टाकून खाली लिहिलं होतं, 'मंडळीचा आधारस्तंभ हरपला.' ज्या माणसानं गेल्या वर्षी तिला चर्चच्या दाराला कुलूप दाखवलं, त्यानंच हे लिहावं... पाच आठवडे झाले, राग उतरलेला नाही. उतरावा असं वाटतही नाही.

आत्या नर्स होती. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर चर्चमधल्या मुलांची रविवारची धर्मशिक्षणाची शाळा, शब्बाथशाळा, घ्यायची. ती बारा वर्षांची असताना अमेरिकेतून एक काळे पाळक, चर्चचे धर्मगुरू, आमच्याकडं पाहुणे आले होते. गोरे पाहुणे आले की त्यांना जेवू घालायला, वरच्या जातींतून ख्रिस्ती झालेल्यांच्या वरच्या आळीत चढाओढ लागे. या पाळकांना कुणीच बोलावलं नाही. शेवटी आजोबांनी त्यांना खालच्या आळीत, आमच्या घरी आणलं. भाकरी खाताना त्यांनी दुभाष्यामार्फत सांगितलं, की त्यांच्या आजोबांना गोऱ्यांच्या चर्चमध्ये वेगळं, वर माडीवर बसवत. म्हणून त्यांच्या लोकांनी स्वतःचं चर्च उभं केलं. त्यावर आजी म्हणाली, "आमाला माडी न्हाय. दाराजवळची सतरंजी हाय." दुभाषी वरच्या आळीतला. आजीचं बोलणं त्यानं पाहुण्याला सांगितलंच नाही.

ते न सांगितलेलं बोलणं आत्यानं जन्मभर मनात ठेवलं. मिळेल ते वाचत राहिली. तिकडच्या काळ्या मंडळ्या फेब्रुवारीत आपला इतिहास आठवतात हे कळल्यावर तिनं आमच्या पाळकसाहेबांकडं वर्षातून एक रविवार मागून घेतला. गुलामीतून पळालेली आणि बाकीच्यांना सोडवायला पुन्हा पुन्हा मागं गेलेली बाई, रानात लपून प्रार्थना करणारी माणसं... ती सांगायला लागली की मुलं हलत नसत. वरची आळीही टाळ्या वाजवायची. गुलामी अमेरिकेतली होती तोवर कुणाची काही तक्रार नव्हती.

मग आत्यानं आमची नावं घेतली. चर्चच्या भिंतीसाठी दगड वाहिलेल्या खालच्या आळीतल्या बाया, खेडोपाडी पायी जाऊन येशूचं शुभवर्तमान सांगणारी एक विधवा. यांतलं एकही नाव चर्चच्या कोनशिलेवर नाही, असं तिनं वेदीसमोर उभं राहून सांगितलं. कमिटीनं तिला बोलावून घेतलं. ख्रिस्तात सगळे एक आहेत, इथं जात आणू नका, असं सुनावलं. आत्या एवढंच म्हणाली, "समदे एक हाईत, तर मग दगडावर आमी का न्हाईत?"

पुढच्या फेब्रुवारीत ती मुलांना घेऊन आली तेव्हा सेक्रेटरींनी दाराला कुलूप लावलेलं होतं. तिनं अंगणात, उन्हात उभं राहून सगळं सांगितलं. मी लातूरहून मुद्दाम गेले होते. घामानं भिजलेला तिचा पदर बघून म्हटलं, आत्या, जाऊ दे, घरी चल. तिनं माझ्याकडं पाहिलं. "तू बी कुलूपच लावतीस व्हय?" हा राग लिहिताना मी स्वतःलाही सोडलेलं नाही.

अंत्यविधीला सेक्रेटरी बोलले. काळ्यांच्या इतिहासाची ओळख या मंडळीला सुमनताईंनीच करून दिली, त्यांचा फोटो आपण सभागृहात लावू, म्हणाले. मी उठले. फोटो नको, कोनशिलेवर त्या बायांची नावं कोरा, म्हटलं. शोकाच्या वेळी राजकारण नको, असं उत्तर आलं.

गेल्या रविवारी आमच्या आळीतल्या बाया उपासनेच्या आधी पाळकसाहेबांच्या घरी गेल्या आणि आत्याचा तो फेब्रुवारीतला रविवार त्याच दिवशी मागितला. यंदा ते नाही म्हणाले नाहीत. बाया पहिल्या बाकांवर बसल्या. त्या पळून गेलेल्या बाईची गोष्ट मी सांगितली, नावं त्यांनी वाचली. सेक्रेटरी आले नाहीत. कोनशिला आहे तशीच आहे.

आत्याच्या खोलीत लोखंडी कपाट आहे. त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला, दारावर टांगलेल्या साड्यांच्या मागं, तिनं खडूनं ती नावं लिहून ठेवलीत. नाव सापडलं नाही तिथं नुसती खूण : 'लंगड्या मारुतीची बायको', 'पाणी देणारी म्हातारी'. परवा मारुतीच्या नातीला तिच्या आजीचं नाव विचारून आले. कपाट उघडलं, आत्याच्या अक्षराशेजारी लिहिलं... गंगूबाई.