फुगणारं जाकीट की फोमचं

कयाक म्हणजे काय हे मला सुनेनंच सांगितलं. एका माणसापुरती लांबुळकी होडी, अन् दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच वल्हं. सून शाळेत खेळाची बाई आहे. रविवारी ती मोताळ्याकडच्या धरणावर कयाक चालवायला जाते. त्या शनिवारी तिनं पाण्यात बुडू नये म्हणून घालायची दोन जाकिटं घरी आणली. एक ठेवायचं, दुसरं परत. अन् दुसऱ्या दिवशी ती पहिल्यांदाच धरण आडवं पार करणार होती, त्यामुळे माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

फोमचं जाकीट जाडजूड, गोधडीच अंगात घातल्यासारखं. दुसरं म्हणजे गळ्यात अडकवायचा नुसता पट्टा. छातीजवळची दोरी ओढली की आतल्या नळीतला गॅस सुटतो अन् ते फुगतं.

"आई, फोममधी लय उकडते. हेच ठेवतो मी," सून म्हणाली.

"अन् दोरी ओढणं नाई जमलं तं?"

"काऊन नाई जमणार?"

आम्ही विहिरीत पोहायला शिकलो ते पाठीला पत्र्याचा डबा बांधून. डबा गळतो का, हे आधी पाण्यात दाबून पाहायचं, मगच उडी. म्हटलं, बाई, हेही आपल्या विहिरीत पाहू. मालकांनी दोर आणला, तिच्या कमरेला बांधला. पोहायचं नाही, फक्त दोरी ओढायची, असं ठरलं. सुनेनं पट्टा घातला अन् त्यावरून ओढणी आडवी घेऊन कमरेशी घट्ट गाठ मारली. सासरा समोर उभा, ती दुसरं काय करणार? आम्हा तिघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

तिनं उडी मारली. वर आली, हात छातीशी चाचपडत होता. पुन्हा खाली गेली.

"नाटकं करून राह्यली सूनबाई," मालक हसले.

ती परत वर आली तेव्हा मी तिचे डोळे पाहिले. ओली ओढणी अंगाला आवळली होती, जाकिटाची दोरी ओढणीखाली, अन् दोरीपर्यंत घुसवलेला हात तिथंच अडकलेला.

"ओढा! अहो, ओढा ना!"

दोघांनी मिळून दोर खेचला. पायरीवर बसून ती किती वेळ खोकत राहिली. मी गाठ सोडली. मालकांनी दोरी ओढून पाहिली तर फट्‌दिशी जाकीट फुगलं.

"हे तं चांगलं हाय," ते म्हणाले. "ओढणी वरून घेऊ नको, झालं."

"बाबा, धरणावर बी लोकं असतात. मी घेईनच," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली, "आई, गुदमरल्यावर दोरी आठवलीच नाई मले. नुसती ओढणी ओढत होतो."

तिनं फोमचं चढवलं, वरून तीच ओढणी बांधली. पुन्हा उडी मारते म्हणाली तेव्हा मी दोर हाताला गुंडाळून घेतला. पण ती खाली गेली अन् बुचासारखी वर आली. मुद्दाम दोन्ही हात बाहेर काढून दाखवले. मी दोर काही ढिला सोडला नाही.

रविवारी मी काठावर होते. मधल्या पाण्यात तिचा ठिपकासुद्धा दिसेना, तेव्हा डोळ्यांवर हात धरून पाहत राहिले. ती परत आली ती फोमच्या जाकिटात घामानं निथळत.

"उकडलं का वं?"

"लय!" म्हणाली, अन् माझ्या हातचं पाणी घटाघटा प्यायली.