लेझरच्या पूजेला मी बाहेर

"हाताचा डाग आहे. तुझाच असणार."

सरांनी आरसा चिमट्यात धरून सगळ्यांसमोर नाचवला. रुपयाच्या नाण्याएवढा आरसा. मधोमध काळा, जळका ठिपका. लॅबमधले सगळे भोवती उभे. मी त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी.

"किती वेळा सांगितलं, हात स्वच्छ पाहिजेत. पण सवयी घरून येतात ना."

दोघंतिघं हसले.

माझं घर घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत. सरांना पत्ता माहीत होता, आडनाव माहीत होतं. त्यांना तेवढं पुरत होतं.

अंधेरीच्या आमच्या संशोधन संस्थेतला हा प्रयोग मी उभा केला होता. काचेच्या नळीत धातूची वाफ. एका जोरदार लेझरने तिच्यातल्या अणूंना सतत हलवत ठेवायचं आणि मग त्यांच्यातून दुसरा, अगदी क्षीण किरण सोडायचा. एरवी अणू तो गिळतात. स्क्रीनवर खड्डा दिसतो. पण जोरदार लेझरचा रंग केसभर सरकवला, नेमका साधला, की तेच अणू गिळायचं सोडून प्रकाश ओकायला लागतात. क्षीण किरण वाढून बाहेर येतो. खड्ड्याच्या जागी उंचवटा. तो उंचवटा पहिल्यांदा दिसला तेव्हा लॅबमध्ये मी एकटी होते. खुर्चीवर बसले आणि रडले. सरांना फोन केला. ते म्हणाले, "बघू."

मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्रांची पूजा. सर सोवळं नेसून आले. मी आत जायला लागले तर दारातच हात आडवा.

"तू जरा बाहेर थांब. तुमच्यात हे चालत नाही ना?"

आवाज मऊ. जणू माझीच काळजी.

मी कॉरिडॉरमध्ये उभी राहिले. दाराच्या काचेतून दिसत होतं. जिथे आम्ही शिंकायलाही घाबरतो, त्या टेबलावर झेंडूच्या पाकळ्या. मी दिवसचे दिवस जुळवलेल्या आरशांवर हळद-कुंकू उधळलं जात होतं. नंतर सरांच्या बायकोने बाहेर येऊन पेढा दिला. वरून टाकला माझ्या तळहातावर, बोट लागू न देता. मी थँक यू म्हणाले.

सुट्टीनंतर लेझर चालू केला आणि आरसा जळला. कुंकवाचा कण, त्यावर जोरदार किरण. दुसरं काय होणार? त्या खोलीत हे न कळणारा एकही माणूस नव्हता. सगळे फिजिक्सवाले. तरी दोघंतिघं हसलेच.

सर म्हणाले, "आता टेबल पुसून घे. ते तुला चांगलं जमेल."

मी म्हणाले, "नाही पुसणार."

"काय म्हणालीस?"

"हा हाताचा डाग नाही, सर. कुंकू जळलंय. तुम्ही वाहिलंत, तुम्ही पुसा. मी त्या दिवशी आत नव्हते. तुम्हीच बाहेर ठेवलंत."

माझा आवाज कापत होता. पण वाक्य पूर्ण झालं.

त्याच संध्याकाळी प्रयोग माझ्याकडून काढून मिहिरला दिला. मिहिर मुलुंडचा, माझ्या शेजारच्या टेबलावरचा. कॅन्टीनमध्ये हळूच म्हणाला, "यार, तुझं बरोबर होतं. पण मला सरांचं शिफारसपत्र लागणार ना पुढे." आणि वडा तोंडात कोंबला. मला सरांपेक्षा त्या चघळणाऱ्या तोंडाची जास्त किळस आली.

मी संस्थेच्या समितीकडे तक्रार केली. समितीच्या मॅडम गोड बोलल्या. "बेटा, गैरसमज असेल. दुसरे गाइड देतो, दुसरा विषय घे. अख्खं करिअर आहे तुझ्यापुढे."

घरी येऊन आईला सांगितलं. आई शाळेत शिपाई आहे. भाकरी थापता थापता तिने सगळं ऐकलं.

"तुझं काय चुकलं?"

"काही नाही."

"मग विषय तू का बदलायचा?"

तिने पुढची भाकरी तव्यावर टाकली. मला दुसऱ्या कुणाचा सल्ला नको होता.

उद्या समितीची पुन्हा बैठक आहे. मिहिरला साक्षीला बोलावलंय. तो खोटं बोलला तर त्याचं कॅन्टीनमधलं वाक्य त्याच्या तोंडावर सांगणार आहे. समितीने दाबलं तर पोलिसांत, तिथे नाही ऐकलं तर कोर्टात. गाइड बदला, हरकत नाही. विषय बदलणार नाही. प्रयोग माझा आहे, तो मला परत हवा आहे, आणि माफी सगळ्या लॅबसमोर हवी आहे. बंद खोलीत मागितलेली मी घेणार नाही.