शेवटच्या बागेचं पाणी

नझीहाला वाटलं, जिंकले! वाळवंटातल्या तोझर गावच्या खजूरबागांना पाळीचं पाणी वाटून देणारा जुना प्रोग्रॅम तिने फोर्ट्रान या जुनाट संगणकभाषेतून आजच्या पायथनमध्ये उतरवला होता. जुना संगणक चालू होतानाच कण्हायचा. तो बसला असता तर पाळीवरून गावात फावडी निघाली असती. तिने दोन्ही प्रोग्रॅममधली पाण्याच्या एकूण वेळेची बेरीज ताडून पाहिली, तंतोतंत जुळली. झालं की मग काम! कसलं झालं डोंबलाचं.

पहिली पाळी संपली आणि पाटाच्या पार टोकाला बाग असलेली मबरूका मावशी कचेरीत येऊन थडकली.

"काय गं पोरी, माझ्यावर कसला राग? पाणी आलं, चिखल केला नि गेलं! आत्ता कुठे फळ धरलंय. गळालं तर वर्षभर काय तुझं यंत्र चावू?"

नझीहाचा चेहरा उतरला. तिने एकेका बागेचा हिशोब जुन्याशी लावून पाहिला. बाकीच्यांची वेळ जेमतेम वाढली होती. मावशीची चांगलीच घटली होती. जुना प्रोग्रॅम प्रत्येक वाट्यातले पुऱ्या मिनिटांवरचे सेकंद छाटायचा आणि ती छाटण सगळी शेवटच्या बागेला द्यायचा. हा गलथानपणा समजून तिने सेकंदापर्यंत चोख भागाकार केला होता. अतिशहाणपणा नडला, दुसरं काय!

तिने प्रोग्रॅम लिहिणाऱ्या, आता निवृत्त झालेल्या हादीकाकांना फोन लावला. काका खो खो हसले.

"गलथानपणा? अगं, टोकाला जाईस्तोवर पाणी वाळूच पिते! आपले आजे-पणजे भोकाच्या घागरीने पाळी मोजायचे; घागर गळून रिकामी झाली की एक माप. कुणाची शेवटची घागर अर्धवट राहिली की तेवढ्या वेळचं पाणी टोकाच्या बागेचं. मी तेच भागाकारात बसवलं."

"मग तसं लिहून ठेवायचं ना, काका!"

"सगळ्या गावाला ठाऊक होतं. लिहायचं कोणासाठी?"

"माझ्यासाठी!" ती चिडून म्हणाली, आणि लगेच वरमली. तिचे पणजोबाही याच पाटावरचे होते.

छाटण शेवटच्या बागेला देणारी ओळ तिने पुन्हा घातली. वर साध्या भाषेत लिहिलं: 'ही चूक नाही. दुरुस्त करू नका. उरलेलं पाणी शेवटच्या बागेचं.'

पुढच्या पाळीला ती स्वतःच टोकाला जाऊन उभी राहिली. पाणी वळणावरून आलं, खजुरांच्या आळ्यांत शिरलं, आणि या वेळी साचून राहिलं. मबरूका मावशीने त्यात पाय बुडवला.

"आलं गं बाई! तुझं यंत्र आता माणसात आलं."

नझीहाला हसायचं होतं, पण डोळेच भरून आले.