तीन कॉम्प्युटर, एक विहीर

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मग सांगते. शहाणपणा माझा आहे आणि तो आमच्या सबंध कळंब गावानं पाहिलाय.

माझे सासरे, म्हणजे मामंजी, त्यांचे थोरले भाऊ आबा आणि धाकटे तात्या. तिघांत विहीर एक, पाणी पाळीनं. आज पाळी कुणाची, यावरून रोज फोनाफोनी. आणि मी घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणारी सॉफ्टवेअरवाली सून. गप्प बसेन होय? पाळी सुरू झाली की आपोआप मेसेज जाईल, असा प्रोग्राम लिहायला घेतला.

तीन घरांत तीन तऱ्हा. आबांकडे विंडोज, तात्यांच्या लेकीकडे लिनक्स, माझ्याकडे मॅक. म्हणून अशी सोय केली की, मी एक अक्षर जरी बदललं तरी इंटरनेटवरच्या तीन कॉम्प्युटरवर प्रोग्राम नव्यानं तयार व्हावा आणि त्याची चाचणीही व्हावी. पास झाला तर हिरवी खूण, नापास झाला तर लाल.

आता मेसेज खरंच पोचतो का, हे कळायला खरा नंबर नको का? विंडोजच्या चाचणीत आबांचा घातला, लिनक्सच्या तात्यांचा, मॅकच्या मामंजींचा. मजकूर तिन्हीकडे एकच: 'आज पाळी तुमची.'

मॅकवर लाल, मेसेजातली तारीख चुकत होती. दुरुस्ती केली, परत लाल. सातव्यांदा तिन्ही हिरवे झाले, तेव्हा मी स्वतःवर इतकी खूश की उठून शिराच भाजायला घेतला.

तेवढ्यात तात्या दारात. पाय चिखलानं भरलेले, हातात फोन.

"सूनबाई, आज पाळी कुणाची गं?"

"तुमचीच की तात्या. उसाची नवी लागण वाळायला लागलीय ना तुमची."

"मग आबा म्हणत्यात त्यांची हाय. तुझं सासरं म्हणत्यात त्यांची. तिघांच्याबी फोनवर तूच सांगितलंयस, सात-सात येळेला. एकानं पाण्याचा कॉक फिरवला की दुसरा उलटा फिरवतोय. आन आता लाइटबी गेली, मोटर बंद."

माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. तात्यांचा कोवळा ऊस आधीच तीन दिवस तहानलेला आणि मी हिरव्या खुणा बघत बसले होते. खरंच रडू आलं मला.

"रडू नगं. आबांनी उद्याची त्यांची पाळी मला दिलीया. भांडून दमलं ते. शिरा करपतोय बघ."

दुसऱ्या दिवशी लागण भिजली, माझाही जीव भांड्यात पडला. प्रोग्राम मात्र बंद. आता पाळी बदलली की मी घरात मामंजींना सांगते आणि स्कूटीवरनं आबा-तात्यांच्या दारात जाऊन सांगून येते. अजून एकदाही चुकलेलं नाही.

परवा तात्या आबांना म्हणाले, "ह्योच प्रोग्राम आदी करायचा हुता की हिनं."