दगडावर टिकलेली बटणं
तापलेल्या बेकलाइटचा वास आला की मला सांगलीचा कृष्णाघाट आठवतो. वडिलांनी घरीच हातयंत्रावर बेकलाइटची, म्हणजे त्या काळच्या कडक प्लॅस्टिकची, बटणं घडवायला घेतली होती; पहिली मागणी मिळाली नाही, तर यंत्र विकावं लागणार होतं. नमुने बघायला घरी आलेला एक व्यापारी हसून वडिलांना म्हणाला, "देशी बटणं धुण्याच्या दगडावर टिकत न्हाईत, गड्या." आईनं त्याच्याच अंगातला विलायती सदरा मागून घेतला, त्याला आमची बटणं लावली आणि त्याच्यादेखत घाटावर जाऊन तो दगडावर मनसोक्त आपटला. सदरा खांद्यात फाटला, बटणं मात्र शाबूत राहिली. "आवं, कापडच लय कच्चं निघालं की तुमचं," आई म्हणाली. व्यापाऱ्यानं तिथंच, नुसत्या बंडीवर उभ्या उभ्या, मागणी दिली. आज त्या एका यंत्राचा कारखाना झाला आहे. स्वदेशीवर मी पुष्कळ पत्रकं लिहिली. आईच्या त्या धोपटण्याइतकं खणखणीत त्यांतलं एकही नाही.