हेल्प सरांविरुद्ध माझी तक्रार

तक्रारदार: मी, महादेव लक्ष्मण वाघाडे, धंदा अर्जनविशी, मुक्काम आदिलाबाद. ज्यांच्याविरुद्ध तक्रार: गणिताचे एक लेक्चरर, ज्यांचे खरे नाव कॉलेजच्या हजेरीपटावर होते, परंतु कोणाच्याही जिभेवर नव्हते. सारे त्यांना हेल्प सर म्हणत. तारीख: नक्की दाखल नाही, कॉलेजात पहिला कंप्यूटर आला त्याच्या पुढच्या कापसाच्या हंगामातली गोष्ट. साक्षीदार: माझी थोरली बहीण सुमनबाई, राहणार बेल्याकडचे एक खेडे. दुसरा साक्षीदार खुद्द तो कंप्यूटर. परंतु तो आता हयात नाही.

तक्रारीचा सारांश असा की, सदर गृहस्थांनी आपल्या उभ्या आयुष्यात कोणालाही कोणत्याही प्रश्नाचे सरळ उत्तर दिले नाही. उत्तर त्यांना ठाऊक नसे असे नव्हे. ठाऊक असे म्हणूनच माणसाचा जीव जळत असे. घड्याळ हातात असलेल्या या माणसाला वेळ विचारली, तर ते मनगट तुमच्यापुढे धरत आणि स्वतः दुसरीकडे पाहत. त्यांच्या घराचा पत्ता विचारणाऱ्या एका पाहुण्याला त्यांनी माझ्यादेखत सांगितले, "गल्लीच्या तोंडाशी पिठाची चक्की हाये. तिथं इचारा." पाहुणा चक्कीवर गेला, तेव्हा चक्कीवाल्याने त्यांच्याच दिशेने बोट दाखवले.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो अशा कारणाने. सुमनबाईच्या वावराची नवी मोजणी झाली होती. मोजणीदाराने नकाशा बरोबर काढला, चारही कोपरे जिथल्या तिथे दाखवले; परंतु क्षेत्रफळ लिहिताना आकडा कमी लिहिला. कागदावर आकडा कमी पडला की कचेरी जमीन कमी करते, आकडा वाढवत नाही. नाल्याकडची पट्टी सरकारी ठरू लागली, आणि त्या पट्टीत बाईची विहीर होती. मेव्हणे वारल्यानंतर तिने स्वतः उभी राहून बांधून घेतलेली. हरकत नोंदवण्यासाठी पेशीची, म्हणजे सुनावणीची, तारीख लागली होती. त्या दिवशी खरा आकडा हजर झाला नाही, तर विहीर नाल्याच्या नावे चढणार होती.

अर्ज लिहिणे माझ्या डाव्या हाताचा मळ होता. परंतु अर्जाच्या पोटात घालायला आकडा लागतो, आणि तिरक्या वावराचा आकडा काढणे माझ्या सातव्या यत्तेच्या पलीकडचे होते. शिवाय माझा असा ठाम समज होता, आणि तो पुष्कळ अंशी आजही आहे, की हाताने केलेला हिशेब कचेरी वाचत नाही आणि कंप्यूटरच्या कागदासमोर ती उठून उभी राहते. कॉलेजातल्या कंप्यूटरमध्ये गणिताचे एक सॉफ्टवेअर आहे, ते आकृतीचे क्षेत्रफळ चुटकीसरशी काढते, आणि सर फावल्या वेळी बाहेरच्या माणसांनाही बसू देतात, असे मला कळले. मी नकाशाची नक्कल घेऊन गेलो.

खोलीच्या दारात चपला काढायला लावून, पाय धुवायला लावून, मग सर आत घेत. आत एकच टेबलफॅन होता आणि त्याचे तोंड मशीनकडे होते. घामाने भिजलेल्या माणसाने तो आपल्याकडे वळवला, की सर उठत आणि परत मशीनकडे वळवून ठेवत. मी माझी ओळख करून दिली, काम सांगितले, आणि म्हणालो, "सर, आपल्यासाठी दोन मिनिटांचे काम आहे."

"हो ना," सर म्हणाले. "दोनच मिनिटाचं हाये. करा."

"मी?"

"मंग कोन? वावर तुमच्या बाईचं. बसा मुन्शीजी. हेल्प म्हनून लिहा, त्याच्या पुढं जे पायजे त्याचं नाव लिहा. मशीन सांगते."

ही त्यांची पद्धत. सॉफ्टवेअरच्या पोटातच त्याचे सारे शास्त्र लिहून ठेवलेले असते, विचारणाऱ्याने फक्त नाव घ्यायचे, हे त्यांना इतके आवडले होते की ते विद्यार्थ्यांच्या कोणत्याही शंकेवर "हेल्पमंदी पाहा" एवढेच म्हणत. मी शब्दकोश घेऊन बसलो. जमिनीला इंग्रजीत जे म्हणतात ते लिहिले. मशीनने कळवले की असा विषय दाखल नाही. शेताला म्हणतात ते लिहिले, तर भलतेच काही उघडले. मोजणी लिहिली, विहीर लिहिली, चिडून बाईचे नाव लिहिले. नाही, नाही, नाही. माझ्या ध्यानात आले की हे मशीन आमच्या कचेरीहून कठोर आहे. कचेरीत निदान शिपाई असतो. इथे ज्या गोष्टीचे नाव ठाऊक नाही तिची मदत मागायची, तर आधी तिचे नाव ठाऊक पाहिजे!

मी तसे सरांना बोलून दाखवले. ते खडूने बोटे पांढरी करून घेत उभे होते. म्हणाले, "तुमच्या वावराले मशीन वावर म्हनून वळखत नाही. त्याले कोपरे दिसतेत. कोपऱ्याकोपऱ्याच्या आकृतीले काय म्हनतेत ते भूमितीच्या पुस्तकात पाहा." पुस्तक कुठे आहे तेही त्यांनी सांगितले नाही. ते मला वाचनालयात सापडले.

योग्य नाव घेताच पडद्यावर मजकूर आला, आणि झरझर वर सरकत निघून गेला. पान पडद्याहून लांब होते. वरचा भाग छपराकडे पळाला, खाली शेवटच्या ओळी तेवढ्या उरल्या. त्याबद्दल मला खेद वाटला नाही. तीस-चाळीस प्रकारचे अर्ज मी लिहीत आलो आहे. सुरुवातीला नुसती हकीकत असते, खरी मागणी शेवटी असते. हाकिम शेवटच वाचतो. म्हणून मीही शेवट वाचला. तिथे एक उदाहरण होते: आधी कोपऱ्यांचे आडवे आकडे, मग उभे आकडे, मग कळ दाबणे. मला तेवढे पुरेसे वाटले. नकाशावर आलेखाचा कागद ठेवून मी प्रत्येक कोपऱ्याचे दोन आकडे काढले आणि खरेदीखतात चतुःसीमा लिहितात त्या शिस्तीने मशीनला सांगितले: पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर.

मशीनने उत्तर दिले. त्या उत्तराप्रमाणे सुमनबाईचे सारे वावर तिच्या अंगणात मावले असते.

मी पुन्हा आकडे घातले. पुन्हा तेच. मोजणीदाराने पट्टी खाल्ली होती, मशीनने वावरच खाल्ले. माझा तोल गेला. "सर, हे तुमचं मशीन खोटारडं आहे! विहीर वाचवायला आलो आणि बांधसुद्धा उरला नाही."

"मशीन काऊन खोटं बोलन? तुमी सांगतलं तसं त्यानं वावर आखलं."

"मी कायद्याप्रमाणे सांगितलं. पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर. निजामाच्या काळापासून असंच लिहितात!"

ते हसले नाहीत. कागद पाहिला, माझ्याकडे पाहिले. त्या क्षणी त्यांना सारे कळले होते, हे मी शपथेवर सांगतो. आणि ते म्हणाले, "वरती पाहा."

"वर छप्पर आहे, सर."

"हेल्पमंदी वरती. पयल्या ओळी वाचल्या काय?"

"त्या पळतात!"

"थांबवता येतेत."

"कशा?"

"तेबी हेल्पमंदी हाये," सर म्हणाले, आणि फॅन मशीनकडे नीट करून वर्गावर निघून गेले.

त्या दिवशी मी बेल्याच्या मोटारीत बसलो तो पुन्हा या माणसाचे तोंड न पाहण्याच्या निश्चयाने. बाईने भाकरी वाढली आणि विचारले, "निघाला का आकडा?" मी घडलेले सांगितले. ती म्हणाली, "त्यायले येते, मंग सांगत काऊन नाही गा ते?" मी म्हणालो, गर्विष्ठ माणूस आहे. ती उठून विहिरीवर गेली आणि पाणी काढत राहिली. घागरी भरलेल्या होत्या, तरी काढत राहिली. पेशी दोन दिवसांवर आली होती.

दुसऱ्या दिवशी करंट नव्हता. सर बंद पडद्यासमोर हात बांधून बसले होते, मीही बसलो. मी त्यांना तीन प्रकारे विनवले. वडीलकीच्या नात्याने, बाईच्या विहिरीच्या नावाने, आणि शेवटी कागदोपत्री, म्हणजे तिथेच लेखी अर्ज लिहून. अर्ज त्यांनी पूर्ण वाचला. "अक्षर चांगलं हाये," म्हणाले. मग अर्ज मला परत देत: "मी काढून देला त उद्या हाकिम तुमाले इचारन, हा आकडा कसा? तुमी म्हनसान, सरनं देला. मंग?"

"मग तुम्ही पेशीला या."

"मी नाही येत. मी आज इथं हाव, उद्या बदलीवर राहीन. वावर कुठं जाते?"

करंट आला तेव्हा अंधार पडू लागला होता. मी रागाने, केवळ रागाने, हेल्प म्हणून लिहिले आणि त्याच्यापुढे पुन्हा हेल्प लिहिले. मदतीचीच मदत मागितली. मला वाटले मशीन चिडेल. ते पान आखूड निघाले, सगळेच्या सगळे पडद्यावर मावले. आणि त्यात लिहिले होते की लांब पान थांबत थांबत पाहायचे असेल तर आधी अमुक शब्द द्यावा. मी दिला. कोपऱ्यांचे पान पुन्हा उघडले, आणि या खेपेला ते पळाले नाही. शब्दकोशावर बोट ठेवून मी वरची ओळ लावली: कोपरे कडेकडेने फिरत जाऊन, ओळीने द्यावेत, उलटसुलट दिल्यास रेषा एकमेकींना छेदतात आणि उत्तर विश्वासास पात्र राहत नाही.

मी कागदावर माझे वावर आखून पाहिले. पूर्वेकडून थेट पश्चिमेला, तिथून दक्षिणेला, तिथून उत्तरेला. वावर कसले, तो डमरू झाला होता. अर्ध्या भागातून उरलेला अर्धा वजा होत होता. चतुःसीमा लिहिताना कोणी चालत जात नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मी बांधावरून जाणाऱ्या माणसासारखे पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर असे आकडे घातले. जुन्या उताऱ्यावर होता तसाच भरघोस आकडा आला. पट्टी आली, विहीर आली.

मी ओरडलो. सर दारात उभे होते. केव्हापासून, ते मला ठाऊक नाही.

पेशीला हाकिमाने कंप्यूटरचा कागद पाहिला आणि तो उठून उभा राहिला नाही. म्हणाला, "ये किसने निकाला?" मी म्हणालो, मैंने. "तुम? कितना पढ़े?" मी खरे सांगितले. कचेरी हसली. "अच्छा, समझाओ." मी समजावले. त्याने मध्येच विचारले की खतात पूर्वेनंतर पश्चिम लिहितात, तुम्ही दक्षिण का घातली? सारी कचेरी ज्या प्रश्नावर मला पाडणार होती, त्याचे उत्तर त्या वेळी जिल्ह्यात माझ्याइतके कोणाला पाठ नसेल. मोजणीदाराला तिथेच पुन्हा बेरीज करायला बसवले. विहीर बाईच्या नावे राहिली.

बातमी सांगायला मी सरांकडे गेलो. पेढे नेले होते. त्यांनी पाय धुवायला लावले, एक पेढा खाल्ला, "सापडलं ना? मंग," एवढेच म्हणाले. तेव्हा मी तो प्रश्न विचारला. "सर, समजा मला सापडलं नसतं. पेशीचा दिवस उजाडला असता आणि मी रिकाम्या हातानं कचेरीकडे निघालो असतो. तर तुम्ही सांगितलं असतं की नाही?"

त्यांनी पेढ्याचा कागद घडी घालून टेबलावर ठेवला. "ते इचाराची पाळी आली काय?" म्हणाले. मी म्हणालो, आली नाही, परंतु आली असती तर? ते फॅनकडे गेले. मला वर्गाची घंटा ऐकू आली. पुढल्या खेपेला विचारू असे म्हणून मी उठलो.

पुढली खेप झाली नाही. त्यांची मंचेरियलला बदली झाली. कंप्यूटर बिघडला तेव्हा दुरुस्त करणारा आला नाही, आणि एक दिवस तो भंगारात गेला. मी सरांना पत्रे लिहिली, तोच प्रश्न, सुवाच्य अक्षरात. उत्तर नाही. मग मंचेरियलहून आलेल्या एका माणसाने माझ्याकडून अर्ज लिहून घेताना सहज सांगितले की ते गणिताचे सर वारले. मी त्याचा अर्ज पूर्ण केला. त्यात दोन ठिकाणी खाडाखोड झाली, जी माझ्या हातून होत नाही.

तेव्हापासून हे प्रकरण माझ्या घरात निकालावाचून पडून आहे. बायको म्हणते, तो माणूस दगड होता, त्याने विहीर जाऊ दिली असती. सुमनबाई म्हणते, "नाही गा भाऊ. त्यायनं सांगतलं असतं. कचेरीच्या पायरीवर का होईना, सांगतलं असतं." मी दोन्ही बाजूंचा पुरावा तपासला. ते दारात उभे होते, हा बाईच्या बाजूचा पुरावा. वर्गावर निघून गेले, हा बायकोच्या बाजूचा. आज माझ्याकडे अर्ज घेऊन येणाऱ्याला मीही आधी विचारतो, तुमची मागणी तुमच्या तोंडाने सांगा. आणि तो अडखळत असताना, सांगून टाकावे की थांबावे, हे मला दर वेळी नव्याने ठरवावे लागते. सरांनी कुठवर थांबायचे ठरवले होते, हे कळल्याशिवाय मला ते ठरवता येत नाही.

सबब, ज्या कोणी सदर सरांच्या हाताखाली शिक्षण घेतले असेल, मग ते आदिलाबादेत असोत, मंचेरियलात असोत वा परमुलखात, त्या सर्वांस नम्र विनंती की, सरांनी आपणास कधी, एकदा तरी, वेळ निघून जाण्याच्या आत, स्वतःहून उत्तर सांगितले होते काय, हे खरेपणाने कळवावे. होय किंवा नाही एवढे लिहिले तरी चालेल. टपाल माझ्या नावे पाठवावे. नाव महादेव वाघाडे, ठिकाण कचेरीसमोरची टिनाची शेड. उत्तर मिळेपर्यंत प्रकरण बंद करू नये, ही प्रार्थना.