ज्वारीच्या कोठीतला ॲम्प्लिफायर

लातुरात आजवर जे काही भूकंप झाले, त्यातला एक मी केलेला आहे.

मोठा भूकंप होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्याची थट्टा करायची माझी छाती नाही. आमच्या गल्लीतल्या बहुतेकांचं कुणी ना कुणी त्यात गेलं होतं. पण त्यानंतर गल्लीला ज्या सवयी लागल्या, त्या सांगायलाच हव्यात. घरोघरी स्वयंपाकघरात तांब्यावर पेला, पेल्यावर वाटी असा मनोरा रचलेला असायचा. जमीन हलली की मनोरा पडणार आणि आवाज झाला की आपण पळणार! आमच्या आईचा मनोरा गल्लीत सगळ्यात उंच होता. (वर एक चमचाही होता.) मांजराच्या कृपेने आम्ही तोवर चार वेळा रस्त्यावर येऊन उभे राहिलो होतो.

त्याच सुमारास शिकवण्यांना ऊत आला होता. वडील, म्हणजे अण्णा, फिजिक्स शिकवायचे आणि दर रविवारी आमच्या पुढच्या खोलीत साठ पोरं मांडीला मांडी लावून बसायची. किनवटपासून निलंग्यापर्यंतची पोरं अण्णांच्या हाताखालून डॉक्टर, इंजिनियर व्हायला निघाली होती. अण्णांचा सख्खा मुलगा, म्हणजे मी, मात्र बारावीला आपटला होता. तोही फिजिक्समध्येच!

"बँडात वाजवायचं म्हणतोस ना, सुध्या?" अण्णा म्हणाले. "रविवारपर्यंत जागा मिळव. न्हाई मिळाली तर सोमवारपासून माझ्या वर्गात, पहिल्या रांगेत!"

पहिल्या रांगेतली पोरं माझ्यापेक्षा वर्षाने लहान होती आणि मला 'दादा' म्हणायची. त्यांच्या शेजारी बसण्यापेक्षा जमीन दुभंगलेली परवडली असती.

गल्लीच्या टोकाला गोविंद मास्तरांचा लग्नाचा बँड होता. माझी गिटार पाहून मास्तर म्हणाले, "भाऊ, गिटार लई झ्याक हाय. पण आमच्या दोन ट्रम्पेटांपुढं ती ऐकू यायला पायजे. रविवारी सांजच्याला येतो. ऐकू आली तर सोमवारच्या वरातीत तू!"

ऐकू येण्याचीच तर पंचाईत होती. माझा ॲम्प्लिफायर मुदखेडच्या मामांनी दिलेला. मामा रेल्वेत होते. निवृत्त होणाऱ्या एका ड्रायव्हरने जाताजाता तो त्यांच्या गळ्यात मारला आणि मामांनी माझ्या. पिठाच्या डब्याएवढं खोकं, आत काचेचे तीन व्हॉल्व्ह. चालू केलं की व्हॉल्व्ह तांबूस पेटायचे, चांगले तापायचे आणि मग असा नाजूक आवाज निघायचा की शेजारी झोपलेल्या माणसाने कूसही बदलू नये!

मी सुधारणा हाती घेतली. आतले कंडेन्सर बदलले. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या करीमचाचांकडून दणकट व्हॉल्व्ह आणला. चाचा म्हणाले, "बेटा, ये बुड्ढे को इत्ता नक्को दौडाव. दम छोड देता." मी दौडवला. चिमुकला स्पीकर काढून भंगारातून आणलेला परातीएवढा स्पीकर जोडला. आता हा मावणार कशात? घरात तेवढ्या पोटाची एकच वस्तू होती: आईची ज्वारीची पत्र्याची कोठी! ज्वारी पोत्यात ओतली, कोठी आडवी पाडली आणि तिच्या तोंडावर स्पीकर आवळून बसवला. (आई तेव्हा देवळात होती. माझ्याचसाठी नवस करत होती, असं नंतर कळलं.)

रविवारी दुपारी पुढच्या खोलीत अण्णांच्या पोरांची चाचणी परीक्षा चालू होती. आई स्वयंपाकघरात. मी मागच्या खोलीत. कोठी स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवली, गिटार गळ्यात घातली आणि बटण शेवटपर्यंत पिळलं.

घूंऽऽऽऽ!

पत्रा थरथरला, भिंत थरथरली आणि पलीकडे आईचा मनोरा चमच्यासकट कोसळला.

"हालायलंय! पळा रे पळा!" आई ओरडली. साठ पोरं एका दारातून एकाच वेळी बाहेर पडली. (त्यातल्या चौघांनी त्या धावपळीतही शेजाऱ्याचं उत्तर पाहून घेतलं.) त्यांना पाहून गल्ली पळाली. समोरच्या काकू टीव्ही उचलून बाहेर आल्या. काका आतच राहिले. गोविंद मास्तर अर्धी दाढी केलेले, टॉवेलवर, क्लॅरिनेट छातीशी धरून आले.

मला आत फक्त कल्लोळ ऐकू येत होता. मला वाटलं, पब्लिक जमलं! मी डोळे मिटून आणखी जोरात हात मारायला लागलो.

बाहेर आईने माणसं मोजली. "सुध्या कुठाय? अहो, सुध्या आतच हाय!"

अण्णा आत धावले. मी डोळे उघडले तेव्हा ते समोर उभे होते. जेवायचा पाट त्यांनी माझ्या डोक्यावर धरला होता. स्वतःच्या डोक्यावर काहीच नव्हतं. मला नापास मुलगा म्हणणाऱ्या माणसाने माझ्यासाठी पाट आणला होता! आजही ते आठवलं की मला भरून येतं.

मग त्यांना लालभडक व्हॉल्व्ह दिसले. मग कोठी दिसली.

"काय करायलास?"

"सराव."

अण्णांनी बटण बंद केलं. भूकंप थांबला.

तोच पाट त्यांनी माझ्या पाठीत घातला आणि मला कॉलर धरून बाहेर आणलं. सगळी गल्ली पाहत होती. अण्णा म्हणाले, "भूकंप न्हाई. आमचा मुलगा हाय."

लोक हसले, चिडले, काकू टीव्ही घेऊन परत गेल्या. मास्तर मात्र धंद्याचा माणूस. त्यांनी टॉवेल सावरत विचारलं, "ते असू द्या. गिटार कुणाला ऐकू आली का?"

साठ पोरांनी नकारार्थी माना हलवल्या. तेवढ्यात आईने हात वर केला.

"मला आली की! लई गोड होती."

मास्तर विरघळले. "चल भाऊ," ते म्हणाले, "आईला ऐकू आली म्हंजी कायतरी असंल. परत लाव बरं."

आम्ही मागच्या खोलीत गेलो. मास्तरांनी वाकून फरशीवरून एक तार उचलली. तिचं एक टोक ॲम्प्लिफायरमध्ये होतं. दुसरं मोकळंच!

"हे गिटारीत घालायचं असतंय ना?"

घोंघावत होती ती मोकळी तार. सोमवारी मी मुकाट्याने पहिल्या रांगेत जाऊन बसलो. अख्खी गल्ली रस्त्यावर आणणाऱ्या माझ्या त्या मैफलीत गिटारीचा एकही सूर बाहेर पडला नव्हता. आणि आईला गोड लागलेलं माझं एकमेव वादन तेच!